भिंतीवरची राखीव सीट

ये अशी जवळ, बस इथं. तो मोबाईल ठेव बाजूला, मी रागावले आहे तुझ्यावर.

नव्या गाडीचा फोटो पाठवलास. हार पाहिला, नारळ पाहिला, चाकाखालची लिंबं पाहिली, जावई गॉगल लावून उभे आहेत तेही पाहिलं. गाडी छान आहे, रंगही छान. पण बाई, त्या फोटोत मागे खिडकीतून जी वायर लोंबून राहिली आहे, पायरीवर जो एक्स्टेन्शन बोर्ड पडला आहे, अन् पाऊस लागू नये म्हणून त्याला जी दुधाची रिकामी पिशवी बांधली आहे, ती कोणाची अक्कल? जावयांची असेल तर राहू दे, जावयाला मी काही म्हणत नाही. तुझी असेल तर कान कर इकडे.

आता म्हणशील, मावशीला यातलं काय कळते. खरं आहे, माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अन् माणसं ऐकून शिकले. सॉकेट शिकले ते आमच्या सडक अर्जुनीच्या घरमालकांकडून. तू पाहिलं आहेस त्यांना. तुझ्या लग्नात पंगतीत न बसता मांडवाच्या मागे जाऊन एकेका प्लगला उलटा हात लावत फिरणारा उंच, वाकलेला म्हातारा आठवते का? तुझ्या सासऱ्यांनी मला विचारलं होतं, "हे कोण, डेकोरेशनवाले का?" तेच ते. मी त्यांना भाऊजी म्हणायची अन् त्यांच्या बायकोला ताई.

भाऊजींची सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. रिटायर झाले, खाकी कपडे गेले, पण तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा खिशातून गेला नाही. अर्धं बोलणं त्या चिमट्यानेच व्हायचं. एकदा टक केलं म्हणजे थांबा. दोनदा टकटक केलं म्हणजे जाऊ द्या. ताईंनी भाजीत मीठ विचारलं तरी टकटक. मी नवीन पडदे लावू का विचारलं, तर आधी खिडकीजवळचा बोर्ड पाहून आले अन् मग म्हणाले, टक. पडदा बोर्डाला घासत होता.

विजेकडे ते प्रवाशासारखंच पाहायचे. "बाई, सॉकेट म्हणजे सीट," ते मला समजावत. "दोघांच्या सीटवर पाच जन कोंबले तं सीट मोडते. मंग लोक म्हन्तेत एसटी खराब. एसटी कायले खराब राहीन? बसनाऱ्याले अक्कल पायजे." कोणाच्या घरी एका सॉकेटात तीन-तीन प्लग लावायचं ते ठोकळं दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "हे पाहा, टपावरचे प्रवासी!" म्हणायचे, अन् घर कोणाचंही असो, ओढून काढायचे. एकदा सरपंचांच्या घरी चहा प्यायला गेले होते, तिथं फ्रीज, मिक्सर अन् पंखा एकाच ठोकळ्यावर. यांनी चहा तसाच ठेवला अन् ठोकळं उपसलं. सरपंचीणबाईंची चटणी मिक्सरमध्ये अर्धवट राहिली. आठवडाभर त्या ताईंशी बोलल्या नाहीत.

अन् तो उलटा हात! कुठेही गेले की आधी भिंतीवरच्या बोर्डाला उलटा हात लावायचे, लेकराचं कपाळ पाहावं तसा. "ताप नाही," म्हणायचे, अन् मग खुर्चीवर बसायचे. उलटाच कायले, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, "सुलटा हात लावला अन् करंट असला, तं हात मूठ आवळून पकडून घेते. उलटा असला तं फेकून देते. देवानं पकडाची बाजू एक देली अन् सुटाची एक. आपन सुटाची वापरावं."

गल्लीतले लोक त्यांना तापमास्तर म्हणत. त्यांच्या तोंडावरच म्हणत, कारण त्यांना त्यात काही वाईट वाटत नव्हतं.

आम्ही त्यांच्याकडे खोल्या पाहायला गेलो ती गोष्ट तुला सांगितली की नाही? त्याआधी तीन-चार ठिकाणी फिरलो होतो. सगळीकडे पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची, नाहीतर मालकाचा भाचा येणार असायचा. भाचे लई झाले होते त्या वर्षी सडक अर्जुनीत! भाऊजींच्या दारात उभी राहिले तेव्हा आडनाव जिभेवर तयारच ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "इस्त्री कितीची आहे?"

मला काही कळलंच नाही. मी म्हटलं, "जी?"

"इस्त्री वो. किती वॅटची? अन् पानी तापवाचा रॉड आहे का?"

"रॉड नाही जी. चुलीवर तापवतो."

टकटक. झालं, खोल्या आमच्या. आडनाव त्यांना कळलं ते नंतर, मीटरचं बिल वाटताना. आमच्या बाबासाहेबांच्या अन् बुद्धाच्या तसबिरीपुढे रोज मेणबत्ती लागायची, तिला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मीच एकदा म्हटलं, "भाऊजी, प्लगले इतके भेता, अन् मेनबत्तीचं काही नाही?" म्हणाले, "ते दिसते ना बाई. दिसनाऱ्या आगीपाशी मानूस शहाना राहते. भित्तीच्या आत बसते, तिचंच भेव."

हे भेव कुठून आलं ते ताईंनी सांगितलं. यांच्या लग्नात बँडवाल्याने लाउडस्पीकरच्या पेटीला प्लग नव्हता म्हणून वायरीची दोन उघडी टोकं सॉकेटात घातली अन् ते पडू नयेत म्हणून वरून आगपेटीच्या काड्या ठोकल्या. आपल्याकडे अजूनही करतात. शेतातल्या मोटरीलाही करतात, मोठ्या अभिमानाने करतात. अक्षता पडायच्या वेळी सॉकेटाने पेट घेतला, आधी धूर, मग मांडवभर अंधार. कोणाला काही झालं नाही, पण लग्न लागलं ते अंधारात.

"नवरी मी दुसऱ्या दिवशी पाह्यली," भाऊजी सांगायचे.

"मंग बरंच झालं," ताई म्हणायच्या. "उजेडात मी यायले हो म्हटलं नसतं."

आता त्यांच्या सगळ्यात मोठ्या वेडाचं सांगते. त्यांच्या मागच्या अंगणात दोन जागा होत्या पाणी घालायच्या. एक ताईंची तुळस. अन् दुसरी, तिच्यापासून चार हात लांब, जमिनीतून वर आलेला एक लोखंडी पाईप, त्याच्या तोंडाला नरसाळं. ते घराचं अर्थिंग. खाली खड्ड्यात तांब्याची पट्टी, कोळसा अन् मीठ पुरलेलं असते. घरातल्या एखाद्या यंत्रात करंट सुटला तर तो माणसाच्या अंगातून न जाता तिथून जमिनीत जावा, म्हणून. ताई तुळशीला तांब्याभर पाणी घालायच्या अन् भाऊजी त्याच वेळी नरसाळ्यात बादलीभर. आंघोळ करून, ओल्या पंचावर. ताईंनी हात जोडले की तेही इकडे हात जोडायचे.

"अवो, तुमची देवी कोनती म्हनावं?" मी छेडायची.

"हे शेवटचा स्टॉप आहे बाई," ते म्हणायचे. "कोनी कुठंच नाही उतरला तं इथं उतरते. शेवटच्या स्टॉपवर पानी पायजे का नाही?"

आम्ही सगळे हसायचो. उन्हाळ्यात त्या ओल्या मातीवर चिमण्या अन् साळुंक्या पाणी प्यायला यायच्या, ते बरं दिसायचं. त्याहून जास्त त्याचा काही उपयोग असेल असं मला कधी वाटलं नाही.

मग सुनेला नोकरी लागली. नर्सची, चिचगडकडच्या दवाखान्यात. मुलगा नागपूरला कंपनीत, रविवारी येणार. घरात मी, सून अन् दोन वर्षांची नात. सून सकाळच्या एसटीने देवरीला, तिथून मिळेल त्या गाडीने चिचगडला जायची. पुढे सगळं जंगल, गाडी चुकली की बसा झाडाखाली. संध्याकाळी येईपर्यंत नात झोपलेली. पोरगी आईला फक्त पाठमोरी ओळखायला लागली होती. एक दिवस सून भांडी घासता घासता म्हणाली, "आई, मी चिचगडले खोली पाहून राहिली. छोटीले घेऊन तिथंच राहतो. तुमी येत जा मंधामंधात."

तिचं बरोबरच होतं. पण त्या रात्री माझ्या पोटाशी झोपलेली नात मला एकदम पाहुणी वाटायला लागली.

मुलाने नागपुरात कोणाची तरी वापरलेली, बॅटरीवरची छोटी गाडी पाहिली. पेट्रोलची परवडत नव्हती, ही रात्री घरी चार्ज झाली की जाऊन-येऊन होणार होतं. हायवेच्या एका ढाब्यावर चार्जिंगचं यंत्र होतं, पण ते आज चालू तर उद्या बंद, अन् ट्रकांच्या गर्दीत दिवसभर दमलेली पोरगी तिथं बसणार कशी? म्हणजे गाडी घरी चार्ज झाली तरच नात घरी. नाहीतर नात चिचगडला. इतकं सरळ होतं ते.

मी भाऊजींकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नातीकडे पाहिलं, अन् चिमटा काढला.

टक.

"भाऊजी!"

"नाही जमत बाई. फ्रीज म्हन्ते, मी थोडा वेळ बसतो, थोडा वेळ उठतो. हे गाडी रातभर बसनार. एका सीटवर, भरल्या वजनानं, झोपून. माया घरची एकही सीट तशी नाही."

त्या दिवशी मी त्यांच्यावर इतकी चिडले की ताईंनी आणून दिलेलं वरणही परत पाठवलं. सून म्हणाली, "जाऊ द्या आई, घर त्यायचं आहे." अन् तिने खोलीवाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी दारात. पायात चपला, हातात कापडी पिशवी. सुनेला म्हणाले, "त्या गाडीचा चार्जर आनाले सांग नवऱ्याले. गाडी नको अजून. फक्त चार्जर."

"कायले जी मामाजी?"

"सीट पाह्याले जातो तं प्रवासी सोबत नको?"

रविवारी मुलाने चार्जर आणला. जाड तीन पिनांचा प्लग, मधात एक डबी, तिच्यावर दिवा. भाऊजींनी तो पिशवीत घातला, मला सोबत घेतलं, अन् आम्ही चौकातल्या विजेच्या दुकानात गेलो. दुकानदार गोंदियाचा, हिंदी बोलणारा, तोंडाने गोड. त्याने चकचकीत सॉकेटं मांडली. एक पांढरं, एक सोनेरी किनारीचं, एकात निळा दिवाही लागत होता.

भाऊजींनी दिव्याकडे पाहिलंही नाही. एकेक उचलून मागून पाहिलं, आयएसआयचा शिक्का आहे का, सोळा अँपिअर लिहिलं आहे का, आतली पितळी पट्टी जाड आहे की पत्र्यासारखी. मग पिशवीतून प्लग काढला, सॉकेटात घातला, सॉकेट हातात उलटं धरलं अन् झटका दिला. प्लग पडला. बाजूला ठेवलं. दुसरं. पडला. सोनेरी किनारीच्यात प्लग टिकला, पण थोडा हलत होता.

"काकाजी," दुकानदार म्हणाला, "सॉकेट लेना है या लड़की का रिश्ता देख रहे?"

"रिश्ताच आहे ना भाऊ," भाऊजी म्हणाले. "रातभर हात धरून बसाचं आहे यायले. ढिल्ला हात धरला तं मंधात ठिनगी पडते. ठिनगी पडली तं ताप. ताप आला तं घर."

मागे एक बाई बल्ब घ्यायला उभी होती, ती म्हणाली, "माह्या नवऱ्याले पन असंच उलटं करून पाह्याले पायजे होतं." दुकानदारासह सगळे हसले, भाऊजी सोडून. ते चौथं सॉकेट झटकत होते.

शेवटी एकात प्लग असा बसला की काढायला दोन हात लागले. टकटक. घरी आणलं, छपरीत, म्हणजे गाडी उभी राहील त्या पडवीत, जुनं काढून तिथं बसवलं. मी मनात म्हटलं, झालं! सुनेला सांगितलं, खोलीवाल्याला थांबव. पुढच्या रविवारी मुलगा गाडी घेऊन आला, ताईंनी तिला हळदीकुंकू लावलं, दुपारी चार्जिंगला लावली. भाऊजी स्टूल घेऊन सॉकेटापाशी बसले. जेवायला उठले नाहीत. दर थोड्या वेळाने उलटा हात लावायचे. ताईंनी ताट तिथंच आणून दिलं, तर डाव्या हाताने ताप पाहत उजव्या हाताने जेवले.

चहाच्या वेळी त्यांनी खटका बंद केला.

"ताप आहे."

मी हात लावला. उलटाच. सॉकेट कोमट होतं, पण त्याच्या बाजूची भिंत चांगली गरम होती, अन् जुन्या रबराचा कडवट वास यायला लागला होता.

आता पाहा, इथं भाऊजी चुकले होते, अन् त्यांना ते कळतही नव्हतं. त्यांचं सारं लक्ष सीटवर. त्यांनी पुन्हा दुकानात जाऊन दुसरं सॉकेट आणलं. तिसरंही आणलं. प्रत्येक वेळी स्टूल, प्रत्येक वेळी ताप. दुकानदाराने तर त्यांना लांबून पाहूनच हात जोडले. शेवटी ताईंनी तिरोड्याकडच्या आपल्या नात्यातल्या एका वायरमनला फोन करून बोलावलं. परवाना असलेला, स्वतःचं मीटर घेऊन फिरणारा माणूस. त्याने बोर्ड उघडला, वायर ओढून दाखवली. तळहाताएवढ्या सॉकेटाच्या मागे सुतळीएवढी वायर, तीही घर बांधलं तेव्हाची, ॲल्युमिनियमची, अन् त्याच वायरीवर मोटर अन् कूलरही.

"मामाजी," तो म्हणाला, "सीट तुमी एक नंबर आनली. पन रस्ताच खड्ड्यायचा आहे."

भाऊजी त्या वायरीकडे पाहतच राहिले. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अन् मी तीस वर्सं रस्त्यालेच शिव्या देल्या ना रे बावा!"

मग जे झालं ते नीट ऐक, कारण हे तुझ्यासाठीच सांगून राहिले आहे. मेन बोर्डापासून गाडीपर्यंत जाड तांब्याची वायर वेगळी टाकली, तिच्यावर दुसरं काहीच नाही, ताईंच्या देव्हाऱ्याचा दिवाही नाही. तिला तिचा वेगळा खटका, जास्त भार झाला की आपोआप पडणारा. त्याच्या जोडीला दुसरा एक खटका, करंट कुठं गळला तर माणसाला धक्का बसायच्या आधी बंद करणारा. मीटरचा भार वाढवायला विजेच्या ऑफिसात अर्ज केला. अन् सॉकेट घेतलं ते कारखान्यात असते तसं, निळं, झाकणाचं. त्याला बसणारा गोल प्लग वायरमनने त्यासोबतच आणला, अन् चार्जर बनवणाऱ्यांना फोनवर विचारून, त्यांनी चालेल म्हटलं तेव्हाच बसवला. दिसायला अगदी कुरूप. पण प्लग घालून फिरवला की असा अडकते की गाय ओढून नेईल, सॉकेट नाही सोडणार.

मी म्हटलं, झाकण कायले, छपरीत तर पाऊस येत नाही. भाऊजींनी मला जुन्या मोटरीचं सॉकेट दाखवलं. तिन्ही भोकांत कुंभारीण माशीने माती भरून घर केलं होतं. "पाऊस येनार तं सांगून येते. हे बाई न सांगता मकान बांधते," म्हणाले.

मग पुन्हा रविवार, पुन्हा गाडी, पुन्हा स्टूल. यावेळी संध्याकाळपर्यंत. सुनेने नातीला कडेवर घेऊन दाराशी उभं राहून वाट पाहिली, मी तर डाळ निवडायचं निमित्त करून तिथंच बसले होते. भाऊजींनी शेवटचा हात लावला. सॉकेटाला, भिंतीला, वायरीला, खटक्याला.

टकटक.

नातीने टाळ्या वाजवल्या. तिला काही कळलं नव्हतं, पण आम्ही सगळे हसत होतो म्हणून. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी लाल रंगाचा डबा आणला अन् सॉकेटाच्या वर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: राखीव. कूलरची पिनही तिथं लावायची कोणाची हिंमत नव्हती. सून सकाळी जायची, उजेडात परत यायची. पोरीला आईचं तोंड पुन्हा पाठ झालं.

असं वर्ष गेलं. मे महिन्यात भाऊजी-ताई लेकीकडे गेले, बोदलकसाच्या तलावाकडच्या गावाला. नातवंडं, आंबे, तलावाची मासळी. मीच आग्रह केला होता, जा म्हणून. काही दिवसांनी सून संध्याकाळी आली, गाडी लावली, प्लग घातला, अन् हाक मारली, "आई, लाल दिवा!"

डबीवरचा दिवा रोज हिरवा असायचा. आज लाल. गाडी काही केल्या चार्ज होईना. दुसऱ्या दिवशी तिच्या दवाखान्यात लेकरांना लस द्यायची होती, गावागावांतून बाया येणार होत्या. मुलाला फोन केला, तो म्हणाला कंपनीत विचारतो, दोन दिवस लागतील. वायरमन लग्नाला गेलेला, फोन लागेना. सून छपरीच्या पायरीवर बसली. म्हणाली, "आई, आज दिवा गेला, उद्या आनखी काही जाईल. कितीक दिवस असं चालवाचं? छोटीले घेऊन तिथंच राहतो, तेच बरं." ती थकून बोलत होती, पण खरं बोलत होती. पोरगी तिच्या मांडीवर केसांच्या पिनांशी खेळत होती, अन् मला ती पुन्हा पाहुणी दिसायला लागली.

मी भाऊजींना फोन लावला. मागे लेकरांचा गोंधळ, कढईचा आवाज.

"सॉकेटले ताप आहे का?"

"नाही जी. थंडगार."

"प्लग हालते का?"

"हालत नाही."

"झाकनात माशी?"

"नाही जी. पाह्यलं."

त्यांनी मागच्या लेकरांना दटावलं. मग म्हणाले, "बाई, मांगच्या आंगनात चिमन्या येऊन राहिल्या का पानी प्याले?"

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. इथं माझं घर रिकामं होऊन राहिलं अन् हे चिमण्या विचारतात! तरी गेले पाहायला. चिमणी एकही नव्हती. तुळशीला मी रोज पाणी घालत होते, ती हिरवीगार. अन् चार हातांवर नरसाळ्याच्या भोवतालची माती पांढरी पडून तिला भेगा गेल्या होत्या, बोट जाईल एवढ्या. पाणी घाला म्हणून भाऊजी कोणालाच सांगून गेले नव्हते. सांगतील कसे? आम्ही सगळे हसायचो ना.

"भाऊजी," मी फोनमध्ये म्हटलं, "शेवटचा स्टॉप सुकला."

"मंग घाल ना पानी! माती सुकली तं अर्थिंग गेलं, अन् अर्थिंग नाही तं चार्जर चालत नाही. कायची वाट पाहून राहिली?"

मी फोन पदरात खोचला अन् बादली घेतली. पहिली बादली मातीने अशी ओढली की सूं सूं आवाज आला. दुसरी, तिसरी. सून धावत आली, तिनेही हंडा आणला. पोरगी पेल्याने पाणी आणून अर्धं स्वतःवर अन् अर्धं तुळशीत टाकत होती. जमीन भरून पाणी नरसाळ्यात थांबेपर्यंत आम्ही ओतत राहिलो. मग बसलो. ऊन उतरत होतं. सुनेने पुन्हा प्लग घातला, फिरवला, खटका वर केला.

लाल. लाल. मग हिरवा.

सून जोरात ओरडली, तशी शेजारीण भिंतीवरून डोकावली. मी पदरातून फोन काढला. भाऊजी इतका वेळ फोन कानालाच धरून होते.

"हिरवा झाला जी!"

पलीकडून आधी चिमट्याचा आवाज आला. टकटक. मासळी खायलाही चिमटा घेऊन गेले होते बघ!

परत आल्यावर त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावून पाहिलं अन् म्हणाला, बादलीच्या भरवशावर अर्थिंग नको मामाजी, हे जुनं झालं. मग खोल खड्डा करून नवं बसवलं. आता मे महिन्यातही दिवा हिरवाच राहते. तरी भाऊजी त्या जुन्या नरसाळ्यात पाणी घालतच राहिले. मी विचारलं, आता कायले? म्हणाले, "चिमन्यायले कोन सांगनार, का स्टॉप बदलला म्हनून?"

आता गुडघ्यांनी त्यांना जिना चढवत नाही, ताईंचीही नजर कमी झाली. लेकीने दोघांना तलावाकडेच नेलं, घराची किल्ली माझ्याकडे. रोज सकाळी फोन येते. नमस्कार नाही, चमस्कार नाही. "पानी टाकलं?" मी टाकलं म्हटलं की टकटक अन् फोन बंद. नात आता शाळेत जाते. मी कधी गप्प बसले की येऊन कपाळाला उलटा हात लावते अन् म्हणते, "ताप नाही आजी."

तर कळलं का, मी का चिडले तो फोटो पाहून? आज घरी गेलीस की तो बोर्ड अन् ती दुधाची पिशवी आधी काढ. परवान्याचा वायरमन बोलाव, मागची वायर उघडून पाहायला लाव, अर्थिंगला मीटर लावायला सांग. अन् सॉकेट एकटी घेऊ नको, दुकानदार तुला निळा दिवा दाखवून फसवतील. या रविवारीच जावयांना अन् गाडीला घेऊन ये माझ्याकडे, तुझं गोंदिया काही लांब नाही. चार्जरचा प्लग कापडी पिशवीत घालून आण, चौकात जाऊ, तुझ्यासाठी सगळी सॉकेटं उलटी करून झटकू. भाऊजींना फोनवर ठेवू, म्हणजे दुकानदारालाही बरं वाटेल. रात्री राहा. गाडीची काळजी करू नको, छपरीत लाव, राखीव सीट तिला देऊ. आमच्या गाडीची एक रात्र उभ्याने जाईल.